विश्लेषण : समुद्रात हरवलेली जाळी कासवांच्या जिवावर का उठतात? 'घोस्ट नेट' म्हणजे नेमके काय?

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायावर धातूचा छोटा टॅग आढळला. त्यावर क्रमांक होता ०३२३३. हा टॅग तिला मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावण्यात आला होता. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचे हे कासव देशाच्या दक्षिण टोकाकडून वळून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून कोकणात पोहोचले होते. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगवेगळी, हा समज त्या एका टॅगने सैल केला.

मात्र इतका लांबचा प्रवास करणाऱ्या कासवाला वाटेत केवळ शार्क आणि मोठी जहाजे भेटत नाहीत. कोणीही धरलेले नाही, कोणाच्याही बोटीला बांधलेले नाही, तरीही मासे आणि कासवे पकडतच राहते, असे जाळेही त्याच पाण्यात तरंगत असते. सागरी प्लास्टिक म्हटले की पिशव्या, बाटल्या आणि स्ट्रॉ डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात कासवांसाठी सर्वांत घातक ठरणारे प्लास्टिक मासेमारीच्या जाळ्यांचे आहे. हा प्रकार काय आहे आणि कोकणाचा त्याच्याशी संबंध कसा येतो, याचा हा आढावा.

'घोस्ट नेट' म्हणजे काय?

समुद्रात हरवलेल्या, तुटलेल्या किंवा टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्याला 'घोस्ट नेट' म्हणतात. जाळ्याचे काम अडकवणे. मालक जवळ असो वा नसो, ते आपले काम करत राहते. अशा जाळ्यात लहान मासे अडकतात. ते खायला मोठे मासे आणि कासवे येतात आणि तीही अडकतात. मेलेल्या प्राण्यांच्या भाराने जाळे खाली जाते. शरीरे कुजून, खाल्ली जाऊन भार कमी झाला, की काही जाळी पुन्हा वर येतात आणि चक्र नव्याने सुरू होते. या पकडीचा कोणालाही उपयोग नसतो. ही मासळी बाजारात येत नाही आणि मच्छीमाराच्या हातीही लागत नाही.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. मासेमारी सुरू असताना चालू जाळ्यात चुकून कासव सापडणे, हा वेगळा प्रश्न आहे. त्यात बोटीवरच्या खलाशांना कासव दिसते आणि ते सोडवता येते. घोस्ट नेटमध्ये अडकलेल्या कासवाजवळ कोणीच नसते.

मच्छीमार जाळी टाकून देतात का?

चांगले जाळे जाणूनबुजून टाकून देणे कोणत्याही नाखव्याला परवडणारे नाही. जाळे हे बोट आणि इंजिनानंतरचे त्याचे मोठे भांडवल असते. बहुतेक जाळी हरवतात. वादळाचा इशारा आला, की लावलेली जाळी तशीच सोडून बंदर गाठावे लागते. परत गेल्यावर ती सापडतीलच असे नाही. तळाच्या खडकाला किंवा बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्याला जाळे अडकले, तर बोट वाचवण्यासाठी दोर कापावा लागतो. एकाने लावलेल्या जाळ्यावरून दुसऱ्याचा ट्रॉलर गेला, तर जाळ्याचे तुकडे होतात. किनाऱ्यावरच्या बंदरांत पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांमध्ये होणाऱ्या भांडणांचे हे एक जुने कारण आहे.

टाकून देण्याचे प्रकारही आहेत. जाळे दुरुस्त करताना कापलेले तुकडे आणि जुने दोर बोटीवरून पाण्यात जातात. बेकायदा जाळे वापरणारे गस्तीची बोट दिसताच ते सोडून देतात. शिवाय आयुष्य संपलेले जाळे बंदरावर कोठे द्यायचे, याची सोय बहुतेक ठिकाणी नसते.

अशी किती जाळी समुद्रात जातात?

'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी संशोधकांनी भिन्न देशांतल्या मच्छीमारांशी बोलून याचा अंदाज बांधला. त्यानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या मासेमारीच्या साहित्यापैकी सुमारे २ टक्के दर वर्षी समुद्रात हरवते.

२ टक्के हा आकडा लहान वाटतो. पण त्याचा विस्तार मोठा आहे. याच अभ्यासानुसार दर वर्षी हरवणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचे क्षेत्रफळ सुमारे ७५ हजार चौरस किलोमीटर भरते. तुलनाच करायची, तर संपूर्ण कोकण विभागाचे क्षेत्रफळ ३० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सारा प्रदेश दोनदा झाकूनही जाळे शिल्लक राहील. हरवणाऱ्या लाँगलाइनची, म्हणजे हजारो गळ लावलेल्या लांब दोरांची, मुख्य लांबी सुमारे ७ लाख ४० हजार किलोमीटर आहे. तेवढ्यात पृथ्वीला विषुववृत्तावर १८ वेढे घालता येतात.

उत्तर पॅसिफिक महासागरातील 'ग्रेट पॅसिफिक गार्बेज पॅच' या कुप्रसिद्ध कचरापट्ट्याच्या २०१८ मधील अभ्यासातही हेच चित्र दिसले. तेथे तरंगणाऱ्या किमान ७९ हजार टन प्लास्टिकपैकी ४६ टक्के वजन मासेमारीच्या जाळ्यांचे होते.

काही जाळी तरंगतात, काही बुडतात, असे का?

याचे उत्तर प्लास्टिकच्या घनतेत आहे. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. ट्रॉलची जाळी ज्यापासून विणतात त्या पॉलिएथिलीनची घनता ०.९२ ते ०.९६, तर अनेक दोर ज्याचे असतात त्या पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ०.९० असते. दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तरंगतात आणि प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर जातात. गिलनेट ज्याचे बनते त्या नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास असते. ते जाळे बोयांच्या आधाराने उभे राहते. बोये सुटले, की ते तळाशी जाते आणि खडकांवर किंवा प्रवाळांवर पसरते.

तरंगणारे जाळेही कायम वर राहत नाही. त्यावर शेवाळ आणि शिंपले धरतात, वजन वाढते आणि ते हळूहळू खाली जाते. उन्हाने आणि घर्षणाने त्याचे तुकडे होतात. तुकड्यांचे धागे, धाग्यांचे सूक्ष्म कण होतात, पण प्लास्टिक नाहीसे होत नाही. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुती किंवा सणाच्या धाग्याची असत. तीही हरवत, पण काही महिन्यांत कुजून जात. नायलॉन कुजत नाही म्हणून मच्छीमारांनी ते स्वीकारले. तोच गुण समुद्रात गेल्यावर दोष ठरला.

ऑलिव्ह रिडले कासवेच जास्त का अडकतात?

खुल्या समुद्रात सावली आणि आसरा दुर्मीळ असतो. एखादा ओंडका किंवा जाळ्यांचा गुंता तरंगत असला, की त्याखाली लहान मासे, खेकडे आणि इतर जीव जमतात. ऑलिव्ह रिडले कासवे खुल्या समुद्रात दूरवर फिरतात आणि अशा तरंगत्या वस्तूंजवळ अन्न व विश्रांतीसाठी थांबतात. तरंगता गुंता त्यांना धोक्याचा वाटत नाही.

मान किंवा पुढचा वल्ह्यासारखा पाय एकदा अडकला, की सुटण्याच्या धडपडीत दोर आणखी आवळला जातो. कासव हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. शांत असलेले कासव पाण्याखाली बराच वेळ राहू शकते, पण धडपडताना शरीरातला प्राणवायू झपाट्याने संपतो आणि पृष्ठभागावर येता आले नाही तर ते बुडून मरते. जे वर राहते त्याचा शेवट सावकाश होतो. नायलॉनचा धागा कातडीतून मांसापर्यंत आणि तेथून हाडापर्यंत कापत जातो. रक्तपुरवठा थांबतो आणि पाय सडतो. सुटका झालेल्या अनेक कासवांचा पाय पशुवैद्यकांना कापावा लागतो.

मग जाळी सोडून बाकीचे प्लास्टिक कमी धोक्याचे का?

तसे नाही. त्याचा धोका वेगळ्या मार्गाने येतो. २०१५ मध्ये कोस्टारिकाजवळ संशोधकांनी एका कासवाच्या नाकपुडीतून प्लास्टिकची स्ट्रॉ ओढून काढल्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. ते कासवही ऑलिव्ह रिडलेच होते.

तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, असे आजवर सांगितले जात होते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. 'करंट बायॉलॉजी'मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १५ लॉगरहेड कासवांना वेगवेगळे वास देण्यात आले. समुद्रात राहून शेवाळ धरलेल्या प्लास्टिकच्या वासाला त्यांनी अन्नाच्या वासासारखाच प्रतिसाद दिला. स्वच्छ प्लास्टिकच्या वासाने तसे झाले नाही. म्हणजे प्लास्टिक जितके जुने, तितके ते कासवाला अन्नासारखे वाटण्याची शक्यता जास्त.

एकदा गिळलेले प्लास्टिक बाहेर काढणेही कासवाला कठीण जाते. त्याच्या अन्ननलिकेत आतल्या बाजूने वळलेले काट्यांसारखे उंचवटे असतात. पकडलेले भक्ष्य निसटू नये, यासाठी ही रचना आहे. त्यामुळे पिशवी आत जाते, परत येत नाही. आतड्यात अडथळा झाला, की वायू साठतो आणि कासव वर तरंगू लागते. डुबकी मारता येत नाही, म्हणून अन्न मिळत नाही.

'सायंटिफिक रिपोर्ट्स'मधील २०१८ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासाने याला आकडा दिला. कासवाच्या पोटात प्लास्टिकचा एक तुकडा असेल तर त्यामुळे मृत्यू होण्याची शक्यता २२ टक्के, आणि १४ तुकडे असतील तर ती ५० टक्के होते. मात्र २०१६ मध्ये तज्ज्ञांची मते घेऊन केलेल्या क्रमवारीत समुद्री पक्षी, कासवे आणि सस्तन प्राण्यांसाठी सर्वाधिक घातक ठरले ते मासेमारीचे साहित्य. पिशव्या त्यानंतर आल्या.

अरबी समुद्रातला कचरा कोठे जातो?

पॅसिफिकसारखा कायमचा कचरापट्टा उत्तर हिंदी महासागरात तयार होत नाही. याचे कारण मोसमी वारे. येथे वर्षातून दोनदा वाऱ्यांची दिशा बदलते आणि तिच्यासोबत पृष्ठभागावरचे प्रवाहही उलटतात. उत्तरेकडे जमीन असल्याने कचऱ्याला निघून जायला वाट नाही. तो इकडून तिकडे फिरतो आणि बराचसा किनाऱ्यांवरच येऊन पडतो. पावसाळ्यातल्या उधाणानंतर मुंबईच्या किनाऱ्यांवर दिसणारा कचरा त्याचाच भाग आहे. समुद्राने परत केला, असे आपण म्हणतो, पण तो बहुतांश आपलाच असतो.

मालदीव हे याचे दुसरे टोक. तेथे ऑलिव्ह रिडले फारशी अंडी घालत नाहीत. तरीही तेथील घोस्ट नेटमध्ये सर्वाधिक सापडणारी कासवे याच जातीची आहेत. हा विरोधाभास लक्षात आल्यावर २०१३ मध्ये तेथे 'ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट' ही संस्था सुरू झाली. बेटांवर येणारी ही जाळी बाहेरून, प्रवाहांबरोबर वाहत येतात. समुद्रात हरवलेल्या जाळ्याला देशाची सीमा नसते आणि ते कोणाचे हे ओळखण्याची खूणही सहसा नसते.

जमिनीवरच्या कचऱ्याचा वाटा किती?

समुद्रात जाणाऱ्या एकूण प्लास्टिकचा मोठा भाग जमिनीवरूनच जातो. २०१५ च्या एका बहुचर्चित अभ्यासानुसार २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक किनारी देशांतून समुद्रात गेले. नद्यांमार्फत जाणाऱ्या प्लास्टिकचा २०२१ मधील अभ्यास सांगतो, की त्यातला ८० टक्के भाग हजाराहून थोड्या अधिक नद्या वाहून नेतात आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. या यादीत अगदी वरच्या क्रमांकांत मुंबईजवळची उल्हास नदी आहे. हा अंदाज संगणकीय प्रारूपावर आधारलेला आहे, पण मुंबई-वसई पट्ट्यातील मच्छीमारांना तो नवा वाटणार नाही. डोल जाळी वर काढल्यावर बोंबील आणि जवळ्यासोबत पिशव्याही निवडाव्या लागणे, हे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाले आहे. प्लास्टिकच्या प्रश्नात मच्छीमार जसा कारणीभूत, तसाच बळीही आहे.

स्वच्छतेचा परिणाम होतो, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोझ शाह यांनी स्वच्छता मोहीम सुरू केली. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे गेली.

महाराष्ट्रात काय केले जाते?

कोकणात कासव संवर्धनाची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तेथे घरटी राखण्याचे काम हाती घेतले आणि पुढे 'कासव महोत्सव' सुरू झाला. आज आंजर्ले, गुहागरसह अनेक गावांत कासवमित्र पहाटे किनारा तपासतात आणि अंडी सुरक्षित हॅचरीत हलवतात. २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशी नावे देऊन पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले. अंडी घातल्यानंतर कासवे कोठे जातात, हे त्यातून समजू लागले.

मात्र घरटे राखणे, हा या साखळीचा पहिला दुवा झाला. साधारण हजार पिल्लांतून एकच प्रौढ होते, असे मानले जाते. त्यामुळे वयात आलेली एक मादी जाळ्यात मेली, तर हॅचरीतून सोडलेल्या शेकडो पिल्लांचे श्रम वाया जातात.

डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक वेगळी योजना आहे. जाळ्यात सापडलेले कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन यांसारखे संरक्षित प्राणी मच्छीमाराने जाळे कापून जिवंत सोडले, तर पुराव्याची छायाचित्रे किंवा चित्रफीत दिल्यावर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कायद्याची भीती दाखवण्याऐवजी नुकसान वाटून घेणारी ही योजना असल्याने तिला प्रतिसाद मिळाला. पण ती चालू जाळ्यासाठी आहे. ज्याचे जाळे वादळात हरवले, त्याने ते कळवावे किंवा दुसऱ्याचे तरंगते जाळे बोटीवर घेऊन यावे, यासाठी तिच्यात काही नाही. कुजकी मासळी आणि चिखल भरलेले जाळे ओढून आणायला डिझेल लागते, बोटीवरची जागा अडते. हा खर्च तांडेलाने स्वतःच्या खिशातून का करावा, या प्रश्नाला अद्याप उत्तर नाही.

यावर उपाय काय?

पहिला उपाय जवळच आहे. केरळमध्ये २०१७ मध्ये कोल्लम जिल्ह्यातून 'शुचित्व सागरम' हा उपक्रम सुरू झाला. मच्छीमार जाळ्यात आलेले प्लास्टिक पुन्हा पाण्यात न टाकता बंदरावर आणतात. तेथे ते धुऊन, बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरले जाते. बंदरावर कचरा घेणारी यंत्रणा असेल, तर मच्छीमार तो आणतात, हे यातून दिसले.

दुसरा उपाय जाळ्यावर खूण करण्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने मासेमारीच्या साहित्यावर मालकाची ओळख नोंदवण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये मंजूर केली. ती ऐच्छिक आहेत. यात दंड करण्यापेक्षा सापडलेले जाळे मालकाला परत मिळणे, हा फायदा मोठा. तिसरा उपाय जुन्या जाळ्यांना भाव देण्याचा. नायलॉन वितळवून त्याचा पुन्हा धागा करता येतो. जुने जाळे देऊन नव्यावर सवलत मिळाली, तर ते समुद्रात जाण्याचे कारण उरणार नाही.

कायदेही आहेत. जहाजांतून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार १९८८ पासून बंदी आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये, तर केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या निवडक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. जागतिक प्लास्टिक कराराचा निर्णय मार्च २०२२ मध्ये नैरोबीत झाला. पण डिसेंबर २०२४ मध्ये बुसान आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथील वाटाघाटी सहमतीविना संपल्या. प्लास्टिकचे उत्पादनच मर्यादित करायचे, की केवळ कचऱ्याचे व्यवस्थापन सुधारायचे, यावर देशांचे एकमत झालेले नाही.

किनाऱ्यावर जाळ्यात अडकलेले कासव दिसले तर?

अशा वेळी घाईने कासवाला समुद्रात ढकलू नये. अशक्त कासव बुडून मरू शकते. मांसात रुतलेला धागा ओढून काढू नये. त्याने रक्तस्राव होतो. सैल गुंता अलगद कापून, कासव सावलीत ठेवावे, पाठीवर ओले फडके घालावे, पण नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. तोंडात पाणी किंवा अन्न घालू नये. गर्दी आणि कुत्र्यांना दूर ठेवून वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. डहाणू येथे कासवांसाठी उपचार केंद्र आहे. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ते घरी नेणे गुन्हा आहे, कळवणे मात्र नाही.

आणि कासवाच्या अंगावरून काढलेले जाळे तेथेच वाळूत सोडू नये. पुढच्या भरतीला ते पुन्हा समुद्रात जाते.